मेंदूत तार घालून करंट देण्याचं ऑपरेशन करावं का? आधी वडिलांचा चांगला तास मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६३ वर्षांचे, हुपरीत चांदीच्या पैंजणांचे कारागीर, ९ वर्षांपासून पार्किन्सन्स. आधी उजवा हात थरथरायचा, आता दोन्ही बाजू धरल्यात. दिवसातून पाच वेळा सिंडोपा, म्हणजे लिव्होडोपाची गोळी घेतात, तरी दोन-अडीच तासांत गोळीचा असर उतरतो आणि अंग आखडतं. गोळी चढलेली असते तेव्हा मान आणि खांदे वळवळतात. पुण्याच्या डॉक्टरांनी डीबीएस, म्हणजे मेंदूत तार घालून करंट देण्याचं ऑपरेशन सुचवलंय आणि खर्च १४ लाख सांगितलाय. काका म्हणतात, "डोक्यात करंट सोडला की माणूस कामातनं गेला." तुमचा प्रश्न असा, की यानं वडील बरे होतील का आणि त्यासाठी अर्धा एकर विकावा का.

मी कोल्हापुरात २१ वर्षं न्यूरॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ऑपरेशन मी करत नाही, ते न्यूरोसर्जनचं काम. पण कुणाला त्यांच्याकडे पाठवायचं, कुणाला नाही, आणि पेशंट परत आल्यावर मशीनचं सेटिंग आणि गोळ्या यांचा मेळ कसा घालायचा, हे माझ्याकडे असतं. वडिलांना तपासल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही. पण निर्णय कशावरून घ्यायचा ते सांगू शकते.

"बरे होतील का" याचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हे ऑपरेशन त्या पेशी परत आणत नाही आणि त्यांचं मरणं थांबवतही नाही. पण तुमचा खरा प्रश्न हा नाहीच. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दिसतं, की वडिलांच्या दिवसात काही तास अजूनही चांगले आहेत. सकाळी दहाच्या सुमाराला ते दुकानात बसतात, गिऱ्हाइकाशी बोलतात, चालतात. मग तो तास संपतो आणि माणूस लाकडासारखा होतो. खरा प्रश्न हा, की तो दहाचा तास दिवसभर पसरवता येईल का. डीबीएस नेमकं तेच करतं. वडिलांच्या सर्वात चांगल्या तासापेक्षा ते त्यांना अधिक चांगलं करणार नाही, पण तो तास लांबवेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे वाक्य सांगते, आणि ते नीट समजलंय याची खात्री झाल्याशिवाय पुढची चिठ्ठी लिहीत नाही.

याचं कारण समजून घ्या. डोपामिन कमी झालं की मेंदूच्या तळाशी असलेलं एक केंद्र बेसुमार सक्रिय होतं. सबथॅलॅमिक न्यूक्लियस त्याचं नाव, आकार वालाच्या लहान दाण्याएवढा. तिथल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० वेळा अशा एकाच जड ठेक्यात अडकतात. हलगीवाल्यानं एकच ठेका धरून ठेवला आणि लेझीम खेळणाऱ्या कुणालाच त्यातून पाऊल बाहेर टाकता येईना, तसं होतं. हात उचलायचा हुकूम निघतो, पण त्या ठेक्यातून सुटत नाही. डीबीएसची तार त्या दाण्यात बसते आणि सेकंदाला साधारण १३० वेळा बारीक स्पंदनं देते. त्यामुळे तो जड ठेका धरताच येत नाही. गोळीही वेगळ्या वाटेनं हेच करते. म्हणून ज्या तक्रारी गोळीनं सुटतात, त्याच बहुतेक करंटनं सुटतात. गोळी पोटातून जाते, चढते, उतरते. करंट चोवीस तास सारखा असतो, हा त्याचा फायदा.

हे तंत्र अचानक हाती लागलं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात बेनाबिद नावाचे सर्जन थरथरीसाठी मेंदूतला छोटा भाग जाळून निकामी करण्याचं ऑपरेशन करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला करंट देऊन पाहायची पद्धत होती. त्यांनी स्पंदनांचा वेग वाढवत नेला, आणि सेकंदाला १०० च्या आसपास गेल्यावर हात स्थिर झाला. मग जाळायचं कशाला, तारच तिथं ठेवू, असा विचार झाला. अमेरिकेत १९९७ मध्ये थरथरीसाठी आणि २००२ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या पार्किन्सन्ससाठी याला मान्यता मिळाली. म्हणजे हा कालपरवाचा प्रयोग नाही.

काकांच्या भीतीबद्दल. त्यांना हसू नका. "करंट" म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात, विजेचा शॉक आणि वेड्यांना देतात तो शॉक. मानसिक आजारात देतात ती ईसीटी. त्यात काही सेकंद, साधारण ८०० मिलिअँपियरचा करंट कवटीच्या बाहेरून देतात. तीही आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि तीव्र नैराश्यात ती जीव वाचवते. डीबीएसमध्ये करंट असतो दोन-तीन मिलिअँपियर, प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या पाच-सहा पट एवढंच टिकतं, आणि ते जातं फक्त त्या दाण्यात. पेशंटला झटका बसत नाही. सेटिंग बरोबर असेल तर काहीच जाणवत नाही. काकांना सांगायचं तर हृदयाच्या पेसमेकरचा चुलतभाऊ म्हणा. मशीनही तसंच गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या कातडीत बसतं आणि तिथून तार मानेतून वर डोक्यात जाते.

आता हा निर्णय कशावर अवलंबून आहे ते सांगते.

पहिली गोष्ट, आजार खरोखर पार्किन्सन्सच असायला हवा. एमएसए, पीएसपी असे त्याच्यासारखे दिसणारे आजार असतात, त्यांत हे ऑपरेशन उपयोगाचं नाही. नऊ वर्षांनंतरही गोळी वडिलांना चढते आणि अंग वळवळतं, ही त्या बाबतीत चांगली खूण आहे. दुसरी गोष्ट, लिव्होडोपा चॅलेंज. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवतात, सकाळी आखडलेल्या अवस्थेत चालणं, मूठ उघडणं-मिटणं, खुर्चीतून उठणं यांचे गुण मोजतात. मग नेहमीपेक्षा थोडी जास्त गोळी देतात आणि ती चढली की पुन्हा मोजतात. निदान ३० ते ३३ टक्के सुधारणा दिसली तर पुढे विचार करायचा. ही टेस्ट डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. घरी गोळ्या अचानक बंद करून बघू नका, त्यानं जिवावर बेतू शकतं. तुमच्या पत्रात या टेस्टचा उल्लेख नाही. झाली असेल तर तिचे आकडे मागून घ्या. नसेल तर ती होईपर्यंत जमिनीचा इसार घेऊ नका.

मघाच्या वाक्याला एक अपवाद आहे. थरथर कधीकधी गोळीला दाद देत नाही, पण करंटला देते. उलट बाजूला, गोळी पूर्ण चढलेली असतानाही वडील तोल जाऊन पडत असतील, बोलणं अस्पष्ट असेल, विसरायला होत असेल, भास होत असतील, तर त्यांतलं काहीच ऑपरेशननं सुटणार नाही. बोलणं आणि विसरणं तर बिघडू शकतं.

इथं मी एकदा कमी पडले, ते सांगते. गडहिंग्लज भागातले एक निवृत्त मास्तर होते. थरथर मोठी, आखडणं मोठं, गोळीला दाद छान. मी हो म्हटलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं, हात स्थिर झाले. तीन महिन्यांनी त्यांची पत्नी आली आणि म्हणाली, "डॉक्टर, हे अजून पडतातच की." मी जुनी फाईल काढली. ते पडायचे, हे मी लिहून ठेवलं होतं. कधी पडतात, गोळी चढलेली असताना की उतरलेली असताना, हे मात्र विचारलं नव्हतं. ते चढलेल्या अवस्थेतच पडत होते. त्या बाईंच्या दृष्टीनं नवऱ्याचं पडणं हाच आजार होता, थरथर नव्हती. तेव्हापासून घरच्यांना पहिला प्रश्न मी हा विचारते, की या आजारातली कोणती एक गोष्ट गेली तर तुम्ही समाधानी व्हाल? तुमच्या घरात हा प्रश्न वडिलांना, आईला आणि तुम्हाला वेगवेगळा विचारा. तीन उत्तरं वेगळी आली तर ऑपरेशनआधी तेवढं बोलून घ्यायला हवं.

मग घरी करायचं काम. तीन दिवस डायरी ठेवा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला एकच शब्द लिहायचा: आखडलेले, चांगले, वळवळ, झोप. गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ शेजारी लिहा. दिवसात दोन तासांहून जास्त आखडलेले, तासाहून जास्त त्रासदायक वळवळ आणि पाच किंवा जास्त वेळा गोळी, हे तिन्ही किंवा यांतलं एक जरी असलं तरी नुसत्या गोळ्यांपलीकडचा उपाय शोधायची वेळ आली असं आम्ही मानतो. हाताची कसोटी म्हणून मी क्लिनिकमध्ये कपातला चहा बशीत ओतायला सांगते. तुमच्या वडिलांना वेगळी द्या. चिमट्यानं एक घुंगरू उचलून पैंजणाच्या कडीत अडकवायला सांगा, चांगल्या तासात एकदा आणि आखडलेल्या तासात एकदा. किती सेकंद लागले ते लिहा. चाळीस वर्षं ज्या हातानं ते काम केलं, तो हात कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगतो.

डायरी ठेवताना कदाचित दुसरीच गोष्ट सापडेल. लिव्होडोपा आतड्यातून रक्तात जाते ती प्रोटीनच्याच वाटेनं. दोन्ही एकदम आले की गोळी मागे राहते. आपल्याकडे सकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय, रविवारी मटण आणि तांबडा-पांढरा. माझ्याकडे एक पैलवान आजोबा यायचे, सकाळची गोळी ते मोठ्या ग्लासभर दुधाबरोबर घ्यायचे आणि "सकाळची गोळी लागतच नाही" म्हणायचे. दूध बंद केलं नाही, फक्त गोळी दुधाच्या पाऊण तास आधी आणली, सकाळ सुधारली. बद्धकोष्ठतेनंही गोळी अशीच अडते. आणि कुणी कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीचं चूर्ण देत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. त्यात लिव्होडोपाच असते, म्हणजे दोन ठिकाणांहून एकच औषध पोटात जातं आणि वळवळ वाढते. गोळ्यांच्या वेळा, मात्रा, वळवळीसाठी अमँटाडिन, हे सगळं नीट करून झालंय का, हे ऑपरेशनआधी बघायलाच हवं. अपोमॉर्फिन हे औषध कातडीखाली सतत सोडणारा पंपही आता भारतात मिळतो. तो सगळ्यांना जमत नाही, पण ऑपरेशन नको असेल तर त्याबद्दल विचारा.

समजा सगळं जुळलं. मग ऑपरेशन कसं होतं? डोक्याला चौकट बसवतात, एमआरआयवरून जागा ठरवतात, कवटीला दोन छोटी छिद्रं पाडतात. तार साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते. बऱ्याच ठिकाणी हा भाग पेशंटला जागं ठेवून करतात, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही आणि करंट देताच हात कसा वागतो ते तिथंच बघता येतं. काही केंद्रांत पूर्ण भूल देऊनही करतात. धोका खरा आहे: शंभरात एक-दोन जणांना मेंदूत रक्तस्राव होतो आणि त्यातून लकवा येऊ शकतो. जंतुसंसर्ग त्याहून थोडा जास्त आढळतो, आणि तो आत पोचला तर अख्खं मशीन काढावं लागतं. तुमच्या सर्जनना त्यांच्या स्वतःच्या पेशंटांचे आकडे विचारा. विचारल्यानं कुणी रागावत नाही, आणि रागावलंच तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

घरच्यांचा घात होतो तो पुढे. तार बसवताना त्या जागेला जी बारीक सूज येते, तिच्यामुळेच पहिले काही दिवस थरथर गेलेली असते, मशीन सुरू करायच्या आधीच. घरात पेढे वाटतात. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, थरथर परत येते आणि सगळे हबकतात, "ऑपरेशन फेल गेलं." तसं नसतं. खरं काम तेव्हा सुरू होतं.

मशीन सुरू करताना पेशंट समोर बसलेला असतो, मी टॅबलेटवर करंट हळूहळू वाढवते. गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी बसले होते, उजव्या हातात चहाचा कप. १ मिलिअँपियरला काही नाही. दीडला बशी वाजायची थोडी कमी झाली. २.२ ला वाजायची थांबली. त्यांनी चहा बशीत ओतला, एक थेंब सांडला नाही. मी बघायला म्हणून ३ वर नेलं, तर ते म्हणाले, "आता जीभ जड झाली." करंट शेजारच्या मार्गात सांडला होता. परत २.३ वर आणलं, जीभ मोकळी. तारेवर करंट सोडणाऱ्या ज्या जागा असतात त्यांतली कुठली वापरायची, किती करंट, गोळ्या किती कमी करायच्या, हे असं थोडं थोडं ठरवत तीन ते सहा महिने जातात. गोळ्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होतात, आणि वळवळ मुख्यतः त्यामुळे थांबते. मात्र गोळ्या घाईनं कमी केल्या तर माणूस खचतो, गप्प होतो, कधी जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. आईला सांगून ठेवा, वडील गप्प झाले तर "ऑपरेशनचा थकवा" म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच फोन करायचा.

म्हणून पुण्यात ऑपरेशन करणार असाल तर आधी विचारा, सेटिंग कोण करणार आणि किती वेळा यावं लागेल. कोल्हापूर-पुणे २३० किलोमीटरच्या आसपास, आखडलेल्या माणसाला घेऊन एसटीनं किंवा गाडीनं हा प्रवास सहा महिन्यांत आठ-दहा वेळा करायचा तर कामावरची सुट्टी, गाडी, सोबत, सगळं आलं. ते मशीन बघणारा डॉक्टर जवळपास आहे का, हा प्रश्न ऑपरेशनइतकाच मोठा आहे.

खर्चाचं. १४ लाखांत मशीन कुठलं येतं ते लेखी घ्या. साध्या बॅटरीचं मशीन साधारण तीन ते पाच वर्षं चालतं, मग छातीतला डबा बदलायचं छोटं ऑपरेशन आणि पुन्हा लाखांचा खर्च. चार्ज करायचं मशीन महाग, पण १५ वर्षं किंवा जास्त जातं, फक्त घरी नेमानं चार्जर लावून बसावं लागतं. ६३ व्या वर्षी, घरात तुमच्यासारखा मुलगा असताना, मी बहुधा चार्जचं सुचवेन. बॅटरी अचानक संपली तर थरथर मिनिटांत परत येते, आखडणं काही तासांत, म्हणून ती तारीख गॅसच्या सिलिंडरसारखी लक्षात ठेवायची. विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. २०१९ च्या नियमांनी विमा कंपन्यांना डीबीएस आरोग्य विम्यातून सरसकट वगळायला मनाई केली, पण रकमेवर मर्यादा असू शकते. ती आहे का आणि किती, ते शोधा.

मशीन बसल्यावर दोन गोष्टी तुमच्या घरासाठी खास. एक, फिजिओथेरपीत खोल शेक देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन वडिलांना कधीही, अंगाच्या कुठल्याही भागाला लावायचं नाही. गुडघ्यालासुद्धा नाही. तारेचं टोक तापून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वडिलांच्या कार्डावर तसं लिहून ठेवा, फिजिओथेरपीला गेलात की दाराशीच सांगा. दोन, तुमच्याकडे किंवा शेजारी चांदी वितळवायला इंडक्शन भट्टी असेल तर वडिलांनी तिच्यापासून लांब राहायचं. तिच्या चुंबकीय क्षेत्रानं मशीनवर परिणाम होऊ शकतो. आर्क वेल्डिंगचंही तसंच. मोबाईल, टीव्ही, मिक्सर यांची भीती नको. एमआरआय लागला तर मशीन कुठल्या प्रकारचं आहे ते बघूनच.

जमिनीबद्दल मला सल्ला द्यायचा अधिकार नाही, पण माझ्या अनुभवातून एवढं सांगते. ज्यांची चॅलेंज टेस्ट चांगली आली, जे चढलेल्या अवस्थेत पडत नव्हते, डोकं शाबूत होतं आणि काय मिळणार, काय नाही हे ज्यांना आधी कळलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी पैशांचा पश्चात्ताप केला नाही. ज्यांनी "बरे होतील" म्हणून शेत विकलं, त्यांना चांगला निकाल मिळूनही दुःख झालं. तुमच्या वडिलांचं वय, गोळीला मिळणारी दाद आणि वळवळ बघता, टेस्ट व्हायच्या आधी "नाही" म्हणू नका असंच मी म्हणेन.

पुढच्या भेटीला डायरी घेऊन जा, काकांना बरोबर न्या, त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आणि वडिलांचे दोन व्हिडिओ काढा, एक सकाळी पहिली गोळी घेण्याआधी आणि एक दहाच्या चांगल्या तासात. दोन्हीत खुर्चीतून उठणं, दारापर्यंत चालून वळणं आणि ते घुंगरू अडकवणं असू द्या. चालताना फोन थोडा लांब धरा, पावलं दिसली पाहिजेत.